मॉरिशसला राहायला आलात? आधी भाजीबाजार, मग डोंगर, शेवटी समुद्र

मॉरिशस म्हटलं की नातेवाइकांना कुणाच्या तरी मधुचंद्राचे फोटो आठवतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या नोकरीवर इथे येणारी आपली मंडळी पहिल्या आठवड्यात किनारा गाठतात, दुसऱ्या आठवड्यात सुपरमार्केटातून भारतातून आलेली पाकिटं उचलतात आणि सहा महिन्यांत ‘इथे दोन रविवारांनंतर करायला काही नाही’ असं म्हणू लागतात. माझेही पहिले चार महिने असेच गेले. मग एका बुधवारी कात्र बोर्नच्या बाजारात अळूची जुडी दिसली आणि सगळा क्रमच उलटा झाला.

तो उलटा क्रमच इथे सांगतोय. आधी बाजारातली नावं, मग टपरीवरचं खाणं, मग डोंगर आणि सर्वांत शेवटी समुद्र. बाजारात ओळखलेली पानं-फळं पुढे वाटेवर पुन्हा भेटतात, म्हणून हा क्रम. एकदा ती ओळखता आली की डोंगर चढताना नुसती हिरवी भिंत दिसत नाही.

घर ठरवण्याआधी वारा बघा

मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं. गाडीने या टोकाहून त्या टोकाला दीड तास पुरतो. एवढ्याशा जागेत हवा किती वेगवेगळी असेल, असं आपल्याला वाटतं, तिथेच फसतो. वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा येतो, मधल्या पठाराला अडतो आणि तिथेच पाऊस टाकून रिकामा होतो. त्यामुळे पूर्व किनारा आणि पठार ओलं, पश्चिम किनारा कोरडा. पठारावरचं क्यूरपीप साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. कात्र बोर्नला लख्ख ऊन असताना वीस मिनिटांवर क्यूरपीपला लोक स्वेटर घालून छत्री धरलेले दिसतात. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला तिथे महिन्याभरात बुरशी येते. उलट पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला जानेवारीत दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

एबेनला ऑफिस असेल तर रोझ हिल किंवा कात्र बोर्न सोयीचं. ट्राम (इथे तिला मेट्रोच म्हणतात) राजधानी पोर्ट लुईसपासून क्यूरपीपपर्यंत जाते, बाजार चालत गाठता येतो आणि हवा दोन्ही टोकांच्या मधली. समुद्राजवळच घर हवं, हा हट्ट निदान पहिलं वर्ष सोडा.

आणखी एक गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो. आपण विषुववृत्ताच्या खाली आलोय. उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, थंडी मे ते ऑक्टोबर. आंबा डिसेंबरात, गणपती थंडीत, दिवाळी उकाड्याच्या तोंडावर. जूनमध्ये पावणेसहालाच सूर्य मावळतो. डोंगरावर जाताना हे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतं.

बाजार: पंचवीस शब्द पाठ करा

कात्र बोर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. गुरुवारी आणि रविवारी त्याच जागी कपड्यांचा बाजार असतो, तेव्हा पिशवी घेऊन चुकीच्या दिवशी जाऊ नका. पूर्वेकडच्या फ्लाकचा मोठा बाजार रविवारी, पोर्ट लुईसचा जुना मध्यवर्ती बाजार जवळजवळ रोज. सकाळी आठच्या आत जा. अकरानंतर पालेभाजी माना टाकते आणि विक्रेतीही कंटाळलेली असते.

आपली बहुतेक भाजी इथे आहे. फक्त तिने नाव बदललंय, बरेचदा फ्रेंच वळणाचं. कोणतीही पालेभाजी म्हणजे ‘ब्रेद’. ‘ब्रेद सोंज’ म्हणजे अळू. ‘ब्रेद मुरुम’ शेवग्याचा पाला, ‘ब्रेद मलबार’ माठ. ‘ब्रेद जिरोमों’ म्हणजे भोपळ्याचे कोवळे शेंडे. ते आपल्याकडेही खातात, पण इथे त्यांचा मान मोठा. ‘लालो’ भेंडी, ‘मार्गोज’ कारलं, ‘पिपंगाय’ दोडका, ‘पातोल’ पडवळ, ‘काल्बास’ दुधी, ‘ब्रिंजेल’ वांगं, ‘पोम दामूर’ टोमॅटो. ‘झाक’ फणस, कोवळ्या फणसाची भाजी इथेही आवडीने करतात. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ आणि कढीपत्त्याला ‘कारीपुले’ म्हणतात. हे दोन्ही शब्द तमिळ मजुरांच्या बोटीतून आले. ‘शुशु’ म्हणजे चायोट, फिकट हिरवं, सुरकुतलेल्या पेरूसारखं दिसणारं. दुधीच्या जागी ते चालतं आणि माझ्या मते कोशिंबिरीला दुधीपेक्षा सरस.

‘साफ्रां’पासून मात्र सावध. पहिल्या पाडव्याला श्रीखंडासाठी केशर हवं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात साफ्रां मागितलं, दुकानदाराने शंभर ग्रॅमचं पाकीट पुढे केलं आणि चिल्लर घेतली. केशर इतकं स्वस्त, या आनंदात मी दोन पाकिटं घेतली. घरी चमचाभर दुधात टाकलं तर दूध शेवंतीसारखं पिवळंधमक झालं आणि वास आला फोडणीचा. इथे साफ्रां म्हणजे हळद. त्या हळदीवर घर आठ महिने चाललं.

भाव विचारायला ‘कोम्ये सा?’ पुरतं. त्याआधी ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका; तसंच भावाला हात घातला तर इथे उद्धट समजतात. अळू घेताना ते कशासाठी हवंय हे सांगा. फतफत्याचं कोवळं पान आणि वडीचं मोठं पान, दोन्ही मिळतात आणि विक्रेतीला फरक बरोबर कळतो. पान खाजरं निघालं तर चिंच, तिला ‘तामारें’ म्हणतात. माझ्या विक्रेतीने एकदा जुडी परत घेऊन दुसरी दिली आणि वर बजावलं, ही ओढ्याकाठची आहे, ही खाजत नाही. खरंच खाजली नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी थोडक्यात: किनाऱ्यावर जिथे होड्या लागतात तिथेच दुपारी घ्या आणि स्थानिक लोक जे घेतात तेच घ्या. प्रवाळातल्या काही माशांच्या अंगात असं विष साठतं की शिजवूनही जात नाही, म्हणून अनोळखी, अवाढव्य मासा स्वस्तात मिळाला तरी नको. ‘ऊरीत’ म्हणजे ऑक्टोपस. त्याची कढी इथली खासियत. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याच्या पकडीवर बंदी असते, त्या काळात ताजा म्हणून कुणी दिला तर घेऊ नका.

टपरी: ढोल पुरीपासून सुरुवात

ही पायरी सोपी आहे, पण वेळ पाळावी लागते. ढोल पुरी सकाळी आणि दुपारच्या जेवणापर्यंतच. दोनला गेलात तर रिकामी टोपली आणि गाडा पुसणारा माणूस भेटेल.

काचेच्या पेटीत कापडाखाली पोळ्यांची चळत असते. गाडीवाला दोन पोळ्या सोलून काढतो. खरंच सोलतो, इतक्या त्या पातळ आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. एकीवर दुसरी अर्धी सरकवून ठेवतो, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची पातळ आमटी, टोमॅटोचा घट्ट रस्सा म्हणजे ‘रुगाय’, हिरवी चटणी ओढतो, कागदात सुरळी करून हातात देतो. सगळं मिळून पंधरा सेकंद. पोळीत उकडून दळलेल्या पिवळ्या डाळीचं सारण असतं. म्हणजे ही पुरणपोळीचीच मावसबहीण. गूळ गेला, हळद-जिरं-मीठ आलं. सणासुदीला हीच पोळी तांदळाच्या खिरीबरोबर वाढतात, तेव्हा नातं आणखी स्पष्ट होतं.

मागायची ती जोडीने: ‘एन पेर, पा त्रो पिमां’, म्हणजे एक जोडी, मिरची बेताची. कोल्हापूरचे असलात तरी पहिल्यांदा ‘पा त्रो’ म्हणाच. इथली छोटी मिरची दिसते त्यापेक्षा फार तिखट.

त्यानंतर ‘गातो पिमां’. शब्दशः मिरचीचा केक, प्रत्यक्षात भरड डाळीचा वडा. सकाळी लोणी लावलेल्या गरम पावात तीन-चार कोंबून खातात आणि मुंबईकराला आपोआप वडापाव आठवतो. ‘फाराता’ म्हणजे पराठा. पोर्ट लुईसच्या बाजारात ‘आलुदा’ प्या: दूध, सब्जा, चायना ग्रासचा कीस. फालुद्याचा धाकटा भाऊ, पण उभ्या उभ्या घटाघटा प्यायचा.

शाकाहारी लोकांनी चिनी टपऱ्यांवर जपून राहावं. शुशुचे उकडलेले गोळे दिसतात भाजीचे, पण त्यांत पुष्कळदा सुकी कोळंबी असते. तळलेल्या नूडल्सना माशाचा किंवा कालवांचा सॉस लागलेला असतो. ‘मी शाकाहारी आहे’ हे समजावण्यापेक्षा ‘मो पे फेर कारेम’ म्हणा, म्हणजे माझा उपास चाललाय. इथल्या हिंदू घरांत महाशिवरात्रीच्या आधी किंवा तमिळांच्या कावडी उत्सवाच्या काळात मांस, मासे, अंडी बंद असतात, ती पद्धत चिनी आणि क्रेओल (आफ्रिकी वंशाच्या) विक्रेत्यांनाही तोंडपाठ आहे. वर्षभर कारेम करणारा माणूस म्हणून एक-दोन गाडीवाले मला हसतात, पण ताटात कोळंबी येत नाही.

लग्नाचं किंवा मंदिरातलं ‘सेत कारी’चं आमंत्रण मिळालं तर काहीही काम असलं तरी जा. केळीच्या पानावर सात भाज्या, त्यांत बहुधा कोवळा फणस आणि भोपळा असतोच. वाढपी फिरत राहतात. पान झाकायची खूण आधी शिकून ठेवा.

फळांमागे जायचं

नोव्हेंबर-डिसेंबरात लिची. रस्त्याकडेला जुड्या टांगलेल्या दिसतात आणि अंगणातली झाडं जाळीत गुंडाळलेली. जाळी वटवाघळांसाठी. हे मोठं फलाहारी वटवाघूळ फक्त याच भागात सापडतं. बागायतदारांचा त्याच्यावर राग, निसर्गरक्षकांचा जीव. 2015 मध्ये सरकारने हजारो वटवाघळं मारायला परवानगी दिली तेव्हा मोठा वाद झाला आणि तो अजून पूर्ण विझलेला नाही. संध्याकाळी गच्चीवर उभे राहिलात तर ती डोंगराकडून येताना दिसतील. पंख सावकाश हलवतात, घाई नसल्यासारखे. माझ्या शेजाऱ्याने लिचीच्या तीन फांद्या मुद्दाम जाळीबाहेर ठेवल्यात. तेवढ्या वटवाघळांच्या, बाकीच्या आपल्या, हा त्याचा हिशोब मला पटतो.

आंबा फेब्रुवारीपर्यंत टिकतो. त्याची हापूसशी तुलना करू नका, दोघांवरही अन्याय होतो. कैरीला मात्र तोड नाही. मीठ, मिरची, चिंच लावून काचेच्या बरणीत विकतात, अननसाचंही तसंच. इथला अननस छोटा, गर्द पिवळा, डोळे नागमोडी कापून काढलेला, आणि देठाला धरून आइसक्रीमसारखा खायचा.

जांभूळ इथे ‘झांब्लों’, सीताफळ ‘झात’, बोर ‘मासों’. बोराचं शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना आहे. या बेटाचं नाव आपल्या माळरानावरच्या काटेरी बोरीला चिकटलेलं आहे, हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला.

डोंगर: तीन वाटा, याच क्रमाने

बेटावर विषारी साप नाहीत, बिबट्या नाही. भीती घसरण्याची, धुक्याची आणि पाण्याची. सोबत घ्या: खाचेचे बूट (कॅनव्हासचे नकोत, माझे पहिल्याच फेरीत तळासकट गेले), पातळ रेनकोट, दोन लिटर पाणी, डासांचं मलम. 2005-06 मध्ये इथे चिकनगुन्याची मोठी साथ आली होती. घराभोवतीही पाणी साचू देऊ नका.

पहिली वाट ल पूस. ‘पूस’ म्हणजे अंगठा. 812 मीटरचा हा सुळका पोर्ट लुईसच्या मागे अंगठ्यासारखा वर आलाय. 1836 च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विन इथे चढला होता. मोकाच्या बाजूने उसातून वाट निघते, मग झाडी, मग उघडा खांदा. त्या खांद्यावर थांबून परत फिरलात तरी पैसे वसूल. शेवटचा अंगठा चढायला हात वापरावे लागतात. जून-जुलैत हवा कोरडी, तीच योग्य.

दुसरी वाट पेत्रँहून माकाबेच्या टोकापर्यंत. हे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, 1994 मध्ये घोषित झालेलं, सुमारे 67 चौरस किलोमीटरचं. बेटावरचं चांगलं मूळ जंगल आता 2 टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि त्यातला मोठा तुकडा याच वाटेवर आहे. वाट रुंद, जवळजवळ सपाट. टोकावरून दरी एकदम खाली उघडते. तिथून एक तीव्र उतार ब्लॅक रिव्हरकडे जातो; पहिल्यांदा उतरू नका, कारण खाली पोचल्यावर बस मिळवायला बराच चालावं लागतं आणि गाडी वर राहिलेली असते.

पेत्रँच्या आसपास डोळे उघडे ठेवा. गुलाबी छटेचं कबूतर दिसलं तर ते साधं पारव्यासारखं वाटून दुर्लक्ष होतं. ते जगात फक्त या देशात आहे. इथला छोटा ससाणा तर 1974 मध्ये निसर्गात अवघे चार उरले होते. पकडून, अंडी उबवून, पुन्हा रानात सोडून त्याला वाचवलं. माकडं मात्र हवी तेवढी. ती इथली नाहीत, बाहेरून आणलेली, आणि त्यांना पिशवीची चेन उघडता येते.

आता माझी आवडती गोष्ट. साधारण एप्रिल ते जुलै प्लेन शांपेनच्या रस्त्यावर गाड्या एका बाजूला लावलेल्या दिसतात आणि माणसं झुडपांत शिरलेली असतात. सगळे ‘गोयाव द शीन’ तोडतायत: बोराएवढे लाल पेरू, आंबट-गोड, आत बारीक बिया. नाव चिनी असलं तरी झाड ब्राझीलचं आणि इथल्या रानाला लागलेली ही सर्वांत वाईट कीड. त्याच्या दाटीत मूळ झाडांची रोपं वर येऊ शकत नाहीत. त्यामुळे हवे तेवढे खा. पण तीन नियम: फांदी ओढून शेजारची झाडी तुडवू नका, अर्धवट खाल्लेली फळं वाटेवर टाकू नका (बी तिथेच रुजतं), आणि घरी धुतलेल्या बिया ओल्या कचऱ्यात नकोत, उकळून टाका. मीठ-मिरची लावून तिथेच खावेत, उरलेल्यांचा मुरंबा. एक किलो फळाला पाऊण किलो साखर, बिया गाळण्याने काढून. लिंबू लागत नाही.

याच पट्ट्यात ओढ्याकाठी पाहाल तर ब्रेद सोंज, म्हणजे आपलं अळू, रानटी पसरलेलं दिसेल. उद्यानातलं तोडू नका. ओळखलं, एवढं पुरे.

तिसरी वाट ब्लॅक रिव्हर पीक या 828 मीटरच्या सर्वोच्च शिखराची. ती आधीच्या दोन झाल्यावर. बरीचशी झाडीतली वाट, शेवटी उभा चढ, पाऊस झाला असेल तर सरळ रद्द करा. दुपारी एकनंतर ढग उतरतात, म्हणून सातला निघून साडेदहापर्यंत माथा.

ल मॉर्नचा 556 मीटरचा डोंगर तुम्हाला सगळे सुचवतील. पळालेल्या गुलामांचा तो आसरा; 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. देशाचं राष्ट्रीय फूल, ‘बुक्ल दोरेय’ नावाचं लाल घंटीचं फूल, निसर्गात त्याच डोंगरावर उगवतं. वरचा टप्पा उभ्या कातळाचा आहे. उंचीची भीती असेल तर अर्ध्यावरच्या कट्ट्यावरून दिसणारं खाडीचं पाणी पुरेसं आहे. सात धबधब्यांच्या दरीत मात्र वाटाड्याशिवाय जाऊ नका. वर पठारावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं.

मुलांना चढ नको असेल तर माहेबूरजवळून होडीने इल ओ एग्रेत. 26 हेक्टरचं बेट, आबनुसाची जुनी झाडी, गुलाबी कबुतरं आणि मोकळी फिरणारी प्रचंड कासवं. आधी नोंदणी करून, मार्गदर्शकाबरोबरच.

समुद्र

याबद्दल सगळे सांगतात, म्हणून मी कमी सांगतो. प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी शांत असतं, पण कड्याला जिथे खिंड आहे तिथे ओढ जबरदस्त. दक्षिणेला ग्री ग्रीला कडाच नाही. तिथे लाटा बघायच्या, पाय घालायचा नाही. पाण्यात रबरी बूट घाला: ‘लाफ’ नावाचा मासा दगडासारखा पडून असतो, त्याच्या काट्याने माणूस दवाखान्यात जातो. प्रवाळावर उभं राहायचं नाही. रविवारी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं बिर्याणीचा टोप आणि रावान (सेगा या इथल्या नाच-गाण्याची डफासारखी चर्मवाद्यं) घेऊन येतात. शेजारी चटई टाकलीत आणि बोंझूर म्हणालात तर ताट येतंच. तुम्हीही डब्यात काहीतरी जास्त ठेवा. माझी कोथिंबीर वडी दर वेळी आधी संपते.

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा काळ. इशारे वर्गांत येतात. वर्ग 1 ऐकला की बाजार, पाणी आणि मेणबत्त्या, वर्ग 3 म्हणजे घराबाहेर पडायचं नाही. वादळ गेल्यावर आठवडाभर पाणी उकळून प्या, महिनाभर भाजी महाग असते आणि डोंगरवाटा बंद.

गणपतीला

1834 नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांत रत्नागिरीच्या बाजूची बरीच माणसं होती. त्यांचे वंशज इथे अजून मराठी म्हणून ओळखले जातात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. विसर्जनाला नदीकाठी गेलात तर ‘तुमचं गाव कुठलं?’ हा प्रश्न क्रेओल (इथली फ्रेंचवरून आलेली बोली) वळणाच्या मराठीत ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीची यादी बुधवारच्या बाजारात अशी वाचायची: ब्रेद सोंज दोन जुड्या, देठांसकट. ब्रेद मलबार एक. लालो पाव किलो, पिपंगाय दोन, जिरोमोंची एक फाक, अळकुडीसाठी ‘आरुय’ अर्धा किलो, तामारेंचा गोळा. पातोल सप्टेंबरात महाग असतं, एक पुरे. मक्याचं कणीस मिळालं तर नशीब. ओलं खोबरं विक्रेतीच खवून देते, फक्त ‘रापे’ म्हणा.